ओढ्याकाठचा दिवा

माझा दादा एक नंबरचा हट्टी. वनरक्षक आहे, आणि झाडांवर बसवलेले सेन्सर तपासायचं काम त्याचंच. धूर किंवा उष्णता जाणवली की एक सेन्सर दुसऱ्याला कळवतो, दुसरा तिसऱ्याला, आणि शेवटी माझ्या स्क्रीनवर लाल ठिपका उमटतो. दुपारचं जेवण झालं की दादा जवळच्या सेन्सरखाली काडी ओढून धरतो. मी इथून, वनखात्याच्या ऑफिसातून, ‘चाचणी’चं बटण दाबते, तो सेन्सर तासभर गप्प होतो, आणि त्याच्यावरचा छोटा दिवा मी एकदा लुकलुकवते. म्हणजे, पोहोचलं रे बाबा. आत जंगलात रेंज नाही. दादाचा वायरलेस फक्त टेकडीवर लागतो.

आज जुन्या वाटेवरचा ठिपका लाल झाला. मी सवयीने चाचणी दाबली, दिवा लुकलुकवला. पण जीव थाऱ्यावर राहीना. जुन्या वाटेवर दादा कधी जेवायला बसतो? उठले, पाणी प्यायले, पुन्हा बसले. तेवढ्यात ओढ्याकाठचा ठिपका लाल झाला आणि लगेच विझला. ही दादाची काडी. मग मघाची कुणाची?

गप्प केलेला सेन्सर मी पुन्हा चालू केला. उष्णतेचा आकडा चढतच होता. मी शेजारच्या टेबलावरच्या साहेबांकडे धावले.

“साहेब, जुन्या वाटेला आग! दादा ओढ्यापाशी आहे, वारं तिकडेच वाहतंय!”

साहेबांनी बंब पाठवला, वायरलेसवर हाकाही मारल्या. ओढ्याच्या खळग्यात त्याला काय ऐकू येणार, कप्पाळ!

मी ओढ्याकाठचा दिवा लुकलुकवत सुटले. पळ रे, पळ! ठिपका लाल झाला, विझला. शहाण्याला वाटलं, बहीण मस्करी करतेय. मी आणखी लुकलुकवलं, त्याने आणखी एक काडी ओढली. असा संताप आला म्हणून सांगू! समोर असता तर दोन धपाटे घातले असते.

मग मी हात मागे घेतला. ठिपका लाल झाला, मी उत्तर दिलं नाही. पुन्हा लाल झाला.

“अहो बाई, दिवा तरी चालू ठेवा!” साहेब ओरडले.

“नाही साहेब. उत्तर आलं नाही, तर तो टेकडी चढेल. मला शिव्या घालायला. मी ओळखते त्याला.”

बोलले खरी, पण ओळखत नसले तर?

ठिपका शांत झाला. मी खोलीत येरझाऱ्या घालत राहिले. मग शेजारचा सेन्सर लाल झाला, आणि पाठोपाठ ओढ्याकाठचा. या वेळी विझला नाही. साहेब माझ्याकडे बघेनात.

वायरलेस खरखरला.

“काय गं म्हशे, झोपा काढतेस का तिथं? केव्हाचा काड्या ओढतोय!” दादाला धाप लागली होती.

मला रडू फुटलं. “दादा, खाली बघ.”

ओढ्याकाठचा ठिपका अजून लालच होता.

“तिथंच बसलो होतो गं मी,” तो म्हणाला.