कंगव्यावरची फुंकर

सलूनच्या काचेवर ताईने मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवले होते: नाक आणि तोंड, दोन्ही झाकून आत या. ‘दोन्ही’च्या खाली जाड रेघ होती. तरी कंत्राटदार आला तो मास्क हनुवटीला लटकवून.

“मास्क वर घ्या,” ताई म्हणाली.

“अहो, दाढीला आलोय. मास्कावरून करणार का?”

“दाढी बंद आहे. फक्त केस कापतो. आणि केस काही नाकात उगवत नाहीत.”

“माझ्या उगवतात की!”

खुर्चीतले गिऱ्हाईक खुदकन हसले. ताई हसली नाही. तिने दार उघडून धरले. “बाहेर.”

“तुमच्या वडिलांच्या वेळेपासून येतोय मी इथे!”

“मग तुम्हाला माहीत असेल, त्या दारामागे आमचं घर आहे. आत आई आहे.”

दुकान आणि घर यांच्यामध्ये एकच पातळ लाकडी दार होते. न्यूमोनियातून उठून आई नुकतीच घरी आली होती. तिचे एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले होते. डॉक्टरांनी दोघा बहीणभावांना समोर उभे करून सांगितले होते, “ही साथ तिच्यापर्यंत पोहोचली, तर आमच्या हातात काही उरणार नाही.” तेव्हापासून ताई दाराशी पहारा देत होती. निम्म्या गल्लीशी तिचे बोलणे बंद झाले होते.

“दुकान बुडवणार ही बाई!” असे ओरडून कंत्राटदार गेला.

“जुनं गिऱ्हाईक होतं, ताई,” भाऊ कात्री चालवता चालवता पुटपुटला.

“आईपण जुनीच आहे!”

तिने झाडू उचलला आणि पाठ करून केस गोळा करू लागली. इतक्यात मागून आवाज आला. फू.

हा आवाज ती लहानपणापासून ओळखत होती. कंगव्यात केस अडकले की बाबा असेच फुंकायचे. मशीनवर फू, आणि शेवटी मानेवर फू. ती फुंकर बसली की गिऱ्हाईक समजायचे, झाले, आता उठायचे. भावाच्या हाती कात्री आली त्याआधी ही फुंकर आली होती.

ताईने आरशात पाहिले. भावाचा मास्क हनुवटीवर होता आणि तोंड गिऱ्हाइकाच्या कानापाशी.

“काय केलंस?”

“काय?”

“आत्ता काय केलंस?”

त्याने गालाला हात लावला, आणि त्याचा चेहरा पडला. “चुकून गं. हात आपोआप जातो.”

“आपोआप? लोकांच्या तोंडाशी तोंड नेतोस आणि मग आत जाऊन आईला औषध पाजतोस! मी परक्यांना हाकलतेय, आणि घरातलाच—”

“ओरडू नकोस त्याला,” दारामागून आईचा आवाज आला. मध्येच तिचा श्वास अडला. “मला रोज ऐकू येतं ते.”

“रोज?” ताई दाराकडे वळली. “आणि तू गप्प राहिलीस?”

“तुम्ही भांडला असता.” आई थांबली. “आणि डोळे मिटले की वाटायचं, हेच आहेत दुकानात.”

भाऊ खाली बघू लागला. ताईला रडू आले असते, पण राग जास्त होता. त्या एका आवाजासाठी आई जिवाशी खेळत होती, आणि ताई एकटीच जगाशी भांडत बसली होती.

“आजपासून तू इथेच झोपायचं,” ती भावाला म्हणाली. “डॉक्टर हो म्हणेपर्यंत दाराच्या आत पाऊल नाही. औषध मी देईन.” तिने त्याची वळकटी आणून खुर्चीमागे आपटली, नवा मास्क त्याच्या हातात दिला आणि तो नीट बांधेपर्यंत समोर उभी राहिली.

भावाने पुन्हा कंगवा घेतला. मान साफ करायची वेळ आली आणि सवयीने तो वाकला. मास्क गालांवर फुगला, बसला. आवाज आला नाही. ताईने त्याच्या हातात ब्रश कोंबला.

दारामागे आई वाट पाहत असावी. “झालं का रे?” तिने विचारले.

“झालं!” ताईच ओरडली. “आता ते ऐकू येणार नाही. आणि तू लवकर बरी हो. तुझ्याशी मला कडाडून भांडायचंय.”

गिऱ्हाईक मात्र मान खाली घालून बसूनच होते. उठावे की नाही, हे त्याला कळत नव्हते.