दगडावरची हौसाबाई

हौसाबाईचा मुलगा गुरुदास मुंबईला छापखान्यात होता. दर मे महिन्यात तोंडवलीसमोरच्या बेटावर घरी आला की आंब्या-फणसाआधी त्याला आपला डबा-कॅमेरा आठवायचा. ओटीच्या त्याच खांबाला पाठ लावून, भर भरतीच्या वेळी, तो त्याच किनाऱ्याचा एक फोटो काढायचा.

"वाळयेचे कसले रे फोटो? तिचा काय लगीन जमवचा आसा?" हौसाबाई म्हणायची. आणि तो बटण दाबायला गेला, की नथ अडकवून समोर हजर! उंचीने जेमतेम साडेचार फूट. कुणी बुटकी म्हणू नये म्हणून अंगणाच्या कडेला सासऱ्याने हद्दीची खूण म्हणून पुरलेल्या मेरेच्या दगडावर चढून उभी राहायची.

"आये, बाजूक सर. माका किनारो व्हयो."

"घरधनीण नसलेलो फोटो म्हणजे मिठाबिगर कढी. काढतंस मा? पाय दुखतत माजे."

नऊ वर्षांत दोनदाच ती मे महिन्यात माहेरी गेली. तेवढेच दोन मोकळे फोटो गुरुदासला मिळाले.

बासष्टच्या उधाणाने माडांची पुढची रांग ओढून नेली. दगडी बांध झाला नाही तर पुढची पाळी घराची. गुरुदासने बांधासाठी सरकारकडे केलेला अर्ज दोनदा परत आला : समुद्र पुढे सरकल्याचा पुरावा नाही. शेवटी बांधकाम खात्याचे साहेब स्वतः होडीतून आले. गुरुदासने ऐटीत ते दोन मोकळे फोटो पुढे केले.

"यात नुसती वाळू आणि पाणी," साहेब म्हणाले. "लांब किती, जवळ किती, कळायचं कसं?"

गुरुदासचं तोंड उतरलं. पण हौसाबाईचं तोंड कुठलं गप्प बसतंय!

"मगे ह्ये बघा," म्हणत तिने पेटीतले आपले सात फोटो ओटीवर आपटले.

साहेबांनी ते ओळीने मांडले. खांब तोच, दगड तोच, बाई तीच. पहिल्या फोटोत पाण्याची कड तिच्या कानातल्या कुड्यांशी होती, मधल्यात कमरेशी, शेवटच्यात पार गुडघ्याशी उतरलेली; समुद्र जितका घराजवळ आला, तितकी फोटोत ती खाली सरकली होती. साहेबांनी खांबापासून दगडापर्यंत आणि दगडापासून पाण्यापर्यंत टेप लावली, कागदावर बराच वेळ गणित केलं आणि मान वर केली.

"बाई, तुमच्यामुळे मोजता आलं. पण दर वर्षी नेमक्या तिथंच कशा उभ्या राहिलात?"

"आमची जागा ती. आमी खंय जातलों?" हौसाबाई म्हणाली. उंचीचं काही बोलली नाही.

पुढच्या मे महिन्यात बांध उभा होता. गुरुदासने खांबाला पाठ लावली, कॅमेऱ्यात डोकावला आणि ओरडला, "आये, खंय आसस गो? दगडार चढ!"

"थांब रे मेल्या," पेटी उपसल्याच्या खडखडाटासोबत आतून आवाज आला, "नथ गावणा नाय!"