धुऱ्यावरचं परराष्ट्र धोरण

हिवरखेडच्या बसस्टँडजवळ जानरावची चहाची टपरी आहे. तिथं भगवंतरावांना सगळे 'परराष्ट्रमंत्री' म्हणायचे आणि भगवंतरावांना ते आवडायचं. चेष्टा कळत नव्हती अशातला भाग नाही. पण गावानं एकाचं नाव 'उधारी' ठेवलेलं, दुसऱ्याचं 'फुकट्या', त्यामानानं मंत्री म्हणजे बढतीच होती. संध्याकाळी टीव्हीवरच्या चर्चा ऐकायच्या आणि सकाळी टपरीवर बसून कोणत्या देशाशी कसं वागायचं ते ठरवायचं, हा त्यांचा नेम. अमेरिकेनं आपल्या मालावर कर वाढवला तेव्हा त्यांनी आठवडाभर बिनसाखरेचा चहा घेतला होता. अमेरिकेवर परिणाम काय झाला ते कळलं नाही, जानरावची साखर मात्र वाचली.

खरं पाहता भगवंतरावांच्या वाट्याला परराष्ट्र एकच आलं होतं, ते म्हणजे सूर्यभानचं वावर. यांच्या वावरातून पांदण रस्त्याला लागायचं तर मधे सूर्यभानचा धुरा, म्हणजे शेताचा बांध. कापूस भरलेला ट्रॅक्टर त्या धुऱ्यावरूनच बाहेर पडणार, दुसरी वाट नाही. वावर काही चाकं लावून दुसरीकडे नेता येत नाही, त्यामुळे या शेजाऱ्याशी काहीतरी धोरण ठेवणं भागच होतं.

आजोबांच्या काळात ते धोरण मैत्रीचं होतं. यांचा एक बैल, त्यांचा एक बैल, अशी जोडी करून दोन्ही वावरं वखरली जायची. वडिलांच्या काळात गावात दोन पार्ट्या झाल्या. वडील दोन्ही पार्ट्यांच्या पंगतीला पोटभर जेवले आणि मत कोणाला दिलं ते मरेपर्यंत कोणाला कळू दिलं नाही. याला पुढे भगवंतराव 'अलिप्ततावाद' म्हणू लागले. मग कारभार त्यांच्या हाती आला आणि एका पोळ्याला सूर्यभाननं आपली बैलजोडी तोरणाखाली भगवंतरावांच्या जोडीपुढे नेऊन उभी केली. त्या दिवसापासून संबंध तुटले. पुढे दोघांनीही बैल विकले, दोघांच्याही दारी ट्रॅक्टर आले, तोरणाखाली न्यायला दोघांकडेही मातीच्या बैलाशिवाय काही उरलं नाही. पण सुंभ जळाला तरी पीळ जातो थोडाच!

तेव्हापासून दरवर्षी पोळा झाला की भगवंतराव टपरीवर कडक निवेदन करायचे. "औंदा त्याले धडा शिकवतोच!" निवेदन चहा थंड व्हायच्या आत सूर्यभानच्या कानावर जायचं आणि दुसऱ्या दिवशी धुऱ्यावरच्या वाटेत बाभळीच्या काट्या येऊन पडायच्या. मग दोन्हीकडून नुसत्या वल्गना. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. आणि गंमत अशी, की कापसाची पहिली वेचणी आली की त्या काट्या आपोआप बाजूला झालेल्या असायच्या. कोणी कोणाशी बोललेलं नसायचं. भगवंतराव टपरीवर सांगायचे, "दबाव कामी आला." तिकडे नत्थुजीच्या पानठेल्यावर सूर्यभान सांगायचा, "आला ना गुमान सरळ." अशी दोन्ही बाजूंचा विजय झालेली लढाई दरवर्षी सुखरूप पार पडायची.

यंदा मात्र मंत्रालयात शेखर आला. शेखर हा भगवंतरावांचा मुलगा. पुण्याला राहून त्यानं कित्येक वर्षं स्पर्धा परीक्षा दिल्या. पद मिळालं नाही, पण शब्द भरपूर मिळाले. आता तो अकोल्याला बियाण्याच्या एका दुकानात हिशेब पाहायचा आणि शनिवारी घरी येऊन वडिलांना मार्गदर्शन करायचा.

"बाबा, तुमचं धोरणच चुकून राह्यलं," तो म्हणाला. "नुसतं बोलून काय होते? संपूर्ण नाकेबंदी पाह्यजे. त्या घरची काडी अथी येणार नाई, अथली काडी तथी जाणार नाई. रणनीतिक स्वायत्तता म्हणतेत याले."

भगवंतरावांना स्वायत्तता हा शब्द फार भावला. स्वयंपाकघरातून शकुनबाई, म्हणजे शेखरची आई, हात पुसत बाहेर आल्या.

"अरे, पण सीतादहीच्या दिवशी मले सूर्यभानच्या रुख्मिणीकडं..."

"बंद!" शेखर म्हणाला. "सगळं बंद."

"ऐकून तं घे पुरतं."

"परराष्ट्र व्यवहारात बायकांनी नाई पडायचं," टीव्हीवरची नजर न काढता भगवंतराव म्हणाले.

शकुनबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, लेकाकडे पाहिलं आणि "बरं" म्हणाल्या. इतक्या वर्षांच्या संसारात त्या असं नुसतं "बरं" म्हणून कधी थांबल्या नव्हत्या. हे भगवंतरावांच्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पिशवी घेऊन दारात उभ्या.

"चंदाकडं चालली मी, चांदूर रेल्वेले. बहिणीची लय दिवसांची आठवण येऊन राह्यली."

"अन् सीतादही?"

"करा ना तुमी. दही अन् भात ठेवाचा असते वावरात. तुमचं वावर, तुमचं धोरण."

वऱ्हाडात कापूस वेचायला लागण्याआधी घरची बाई वावरात जाऊन पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या झाडाची, पूजा करते, दहीभाताचा नैवेद्य दाखवते, तो चहूकडे शिंपडते आणि मगच बोंडाला हात लावला जातो. हीच सीतादही. पुरुषांना तिथं काही काम नसतं, म्हणून भगवंतरावांनी ती आयुष्यात कधी पाहिली नव्हती. पण आता स्वायत्त झालेल्या राष्ट्राला माघार घेता येत नाही. शेखरनं अकोल्याहून दह्याचं पाकीट आणलं आणि भात शिजवण्याचं झंझट नको म्हणून हॉटेलातून जिरा राईस. पऱ्हाटीला फोडणीचा भात वाहिलेला पाहून वेचणीच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मग त्यांनी कापूस वेचला आणि वावराच्या कोपऱ्यात त्याची पांढरीशुभ्र गंजी लावली.

ट्रॅक्टर आला, धुऱ्यापर्यंत गेला आणि थांबला. काट्या जिथल्या तिथे होत्या.

"संयम ठेवा," शेखर म्हणाला. "त्यायच्यावर दबाव वाढून राह्यला. पाहा ना, त्यायचा कापूसबी वेचला नाई अजून."

हे खरं होतं. सूर्यभानचं वावर फुटलेल्या बोंडांनी पांढरं झालं होतं, कापूस खाली लोंबत होता, आणि वेचायला एक बाई नाही. भगवंतरावांना आधी आनंद झाला, मग कोडं पडलं. शेवटी त्यांनी जानरावला मध्यस्थ म्हणून पाठवलं. जानराव निरोप घेऊन आला, "सूर्यभान म्हणते, माह्या हातात काई नाई."

"म्हणजे यामागं बाहेरची शक्ती हाय," शेखर म्हणाला आणि अकोल्याची बस पकडून निघून गेला.

दोन दिवसांनी दुपारी आभाळ भरून आलं. ऐन वेचणीत हा अवकाळी! भगवंतराव तडक वावरात गेले. एवढ्या मोठ्या गंजीवर त्यांच्याकडे होती ती ताडपत्री अर्ध्यालाही पुरेना. कापूस भिजला की पिवळा पडतो आणि मग व्यापारी त्याच्याकडे ढुंकून पाहत नाही. वर्षभराची मेहनत अशी उघड्यावर पडलेली पाहून ते घाबरले. टपरीवर बसून त्यांनी मोठमोठ्या देशांना दम दिला होता, पण इतकी भीती त्यांना कधी वाटली नव्हती.

धुऱ्याच्या पलीकडे सूर्यभानही आभाळाकडे पाहत उकिडवा बसला होता. त्याचाही चेहरा उतरलेला. दोन्ही राष्ट्रांवर आता एकच ढग होता. शेवटी भगवंतरावांच्या तोंडून निघून गेलं, "तुहा कापूस कावून नाई वेचून राह्यला बे?"

शाळेत एका बाकावर बसणाऱ्या या दोघांमधलं कित्येक वर्षांतलं हे पहिलं वाक्य.

"रुख्मिणी हात लावू देत नाई," सूर्यभान म्हणाला. "म्हणते, शकुनचा भात आला नाई, सीतादही झाली नाई. वेचणीच्या बाया वापस पाठवल्या तिनं."

"कोणचा भात?"

"मलेबी आताच समजलं बापा. तुह्या-माह्या आज्याच्या काळापासून हाय म्हणे हे. तवा भात म्हणजे सणावाराचा. आमच्या घरी तांदूळ नसे अन् तुमच्या घरी दुभती गाय नसे. मंग भात तुमचा अन् दही आमचं. दोघी धुऱ्यावर येतेत, एकाच गंजात कालवतेत, अन् अर्धं तुह्या वावरात, अर्धं माह्या."

"आपलं भांडण चालू असतानीबी?"

"आपल्या भांडणाचं त्यायले काय!"

भगवंतरावांनी वाटेकडे बोट दाखवलं. "अन् या काट्या?"

"काट्या मी टाकतो. काढतेत त्या. दहीभात शिंपून वापस येतानी दोघी मिळून ओढतेत."

"म्हणजे तू कधीच काढल्या नाईत?"

"मी कावून काढू? मले वाटे, तूच चोरून काढतो."

आभाळ गडगडलं. भगवंतराव उठले. "चल, आता आपणच काढू दोघं."

"नाई बापा," सूर्यभान हात जोडून म्हणाला. "भाताबिगर काट्या हालल्या तं मले आज जेवाले भेटणार नाई."

भगवंतराव घरी धावले आणि त्यांनी चांदूर रेल्वेला फोन लावला. शकुनबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"मी काय सांगू? परराष्ट्र व्यवहारात बायकांनी पडायचं नाई ना."

"चुकलं माहं," भगवंतराव म्हणाले. हे दोन शब्द त्यांच्या कोणत्याही निवेदनात आजवर आले नव्हते. "खरंच चुकलं. पण आता सांग, भात कसा करतेत?"

मग शकुनबाई म्हणाल्या, "तांदूळ खालच्या डब्यात हाय. आधी धुवा. अन् फोडणी नका देऊ."

भात झाला. खालून करपला, वरून कच्चा राहिला, पण झाला. भाताचं पातेलं, म्हणजे तो गंज, छातीशी धरून परराष्ट्रमंत्री भर गावातून वावराकडे पळत गेले. टपरीवरच्या लोकांनी पाहिलं. आज त्यांना कोणाशी बोलायला वेळ नव्हता.

रुख्मिणीबाई दह्याची चरवी घेऊन धुऱ्यावर उभ्या होत्या. त्यांनी गंजाचं झाकण काढलं आणि वास घेतला.

"करपला."

"पहिल्यांदाच केला वहिनी," भगवंतराव खाली मान घालून म्हणाले.

"दिसून राह्यलं."

पण त्यांनी दही ओतलं, कालवलं, अर्धा भात पदरात घेऊन आपल्या वावरात शिंपडला आणि उरलेला भगवंतरावांच्या वावरात. शिंपडताना ओठांत काहीतरी पुटपुटत होत्या. मग त्यांनी काट्यांना हात घातला. दोघं पुरुष मदतीला पुढे झाले.

"तुमी सरका," त्या म्हणाल्या. "तुमाले काट्या टाकाची सवय हाय, काढाची नाई. हातात रुपतील."

दोघंही मुकाट्यानं सरकले. वाट मोकळी झाली, दोन्ही घरचे ट्रॅक्टर लागले, आणि भगवंतरावांची गंजी घरी पोचल्यावर मग पाऊस आला. सूर्यभानचा झाडावरचा कापूस मात्र थोडा भिजलाच. त्याबद्दल भगवंतरावांना वाईट वाटलं. इतक्या वर्षांत त्याच्या नुकसानीचं वाईट वाटण्याची ही पहिलीच वेळ, म्हणून त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही.

शनिवारी शेखर आला. सगळी हकिगत कळल्यावर त्यानं मान डोलावली. "याले पडद्यामागची मुत्सद्देगिरी म्हणतेत बाबा. म्हणजे आपलं धोरण बरोबरच होतं." भगवंतरावांनी लेकाला भांडी घासायला पाठवलं. करपलेला गंज अजून तसाच पडला होता.

शकुनबाई चंदाकडेच भावाला ओवाळून, भाऊबीज करूनच परतल्या. संध्याकाळी भगवंतरावांनी टीव्ही बंद केला. घरात कोणालाच आठवेना की आधी असं कधी झालं होतं.

"इतकी वर्षं केलं तुमी दोघींनी," ते म्हणाले. "मले एकदा तरी सांगायचं होतं ना."

शकुनबाई तांदूळ निवडत होत्या. हात न थांबवता त्या म्हणाल्या, "तुमाले सांगतलं असतं, तं तुमी त्याचंबी धोरण केलं असतं."

भगवंतराव उठले. ते एक ताट घेऊन त्यांच्यासमोर बसले आणि खडे वेचू लागले.

पुढच्या वर्षी पोळा झाला. टपरीवर सगळे वाट पाहतच होते, तेव्हा परराष्ट्रमंत्र्यांनी आजवरचं सगळ्यात कडक निवेदन केलं. शेजाऱ्याची गय नाही, एक इंचही माघार नाही. दुसऱ्या दिवशी धुऱ्यावर बाभळीच्या काट्या पडल्या, तिकडे नत्थुजीच्या पानठेल्यावरूनही तोडीस तोड उत्तर आलं, आणि गावाला हायसं वाटलं.

त्याच संध्याकाळी भगवंतराव किराणा दुकानात गेले. आजूबाजूला कोणी ओळखीचं नाही ना हे पाहून त्यांनी दहीभाताला कोणता तांदूळ चांगला ते हळूच विचारलं. दुकानदारानं पोत्यात माप घातलं.

"जरा जास्त दे बापा," भगवंतराव म्हणाले. "दोन वावराले लागते."