श्रावणातली अंडी

विठ्ठलरावांचं नाव निघालं की माझं डोकं अजूनही भणभणतं.

मी पंचशीला. केजला एका पत्र्याच्या शेडात पोरींना वेटलिफ्टिंग शिकवते. त्यांतली एक विजयमाला, विठ्ठलरावांची मुलगी. वजन जेमतेम पंचावन्न किलो, पण तिने हात घातला की बार गुमान वर जातो. अशी पोर नशिबानेच हाताला लागते. पण सराव संपला की ती भिंतीला टेकून बसायची, उठायचं त्राण नसायचं. कुठून असणार? खायची काय, तर भाकरी, पिठलं आणि चहा!

मी तिच्या घरी गेले. "वजन उचलणाऱ्या पोरीला किलोमागं दीड-पावणेदोन ग्रॅम तरी प्रोटीन लागतं. डाळ वाढवा, दूध द्या, शेंगदाणे द्या, अंडी द्या."

विठ्ठलराव गावातले पुढारी. मिशीवर हात फिरवत म्हणाले, "पावडरीचा डबाच आणतो की, मॅडम. मोठ्यातला मोठा."

"डबा कशाला? ताटात वाढा."

तिची आई गीताबाई हळूच म्हणाली, "आता श्रावण लागला, बाई. आमच्या चुलीवर अंडं चढत न्हाई."

बरं, म्हटलं. कुणाच्या श्रावणाशी माझं भांडण नाही.

मग विजयमाला सरावाआधी माझ्याच घरी यायला लागली. घर शेडच्या मागेच आहे. मी अंडी उकडायची, ती मीठ लावून खायची, वर वाटीभर मटकीची उसळ. पोरीचं ते भिंतीला टेकणं थांबलं.

एक दिवस विठ्ठलराव माझ्या दारात. आत या म्हटलं, तर उंबऱ्याबाहेरच उभे. फळीवरची बुद्धाची मूर्ती बघितली, शेजारचा बाबासाहेबांचा फोटो बघितला, मग पोरीच्या हातातली ताटली.

"मॅडम, पोरीचा श्रावण मोडला की हो."

मला खरंच वाईट वाटलं. म्हटलं, "चुकलं माझं. उद्यापासून अंडी बंद. नुसती उसळ देते."

"नको, नको. काहीच नको."

दुसऱ्या दिवशी विजयमाला आली नाही. अंबाजोगाईला कुण्या सरांकडे घातल्याचं कानावर आलं. आपण कुणाचं व्रत मोडलं म्हणून मी मनाला लावून घेतलं. मला घास गोड लागेना.

पुढे बीडला स्पर्धा होती. त्या दिवशी श्रावणी सोमवार. माझ्या दोन पोरींना घेऊन मी गेले. वजनं झाली होती, बार उचलायला दोन तास होते. वजन गटात बसावं म्हणून पोरी आदल्या दिवसापासून उपाशी असतात, त्यामुळे जो तो कोपरा धरून खात होता. एका कोपऱ्यात विजयमाला बसली होती, आणि तिच्यासमोर मांडी घालून विठ्ठलराव स्वतःच्या हाताने अंडी सोलत होते.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ते मात्र तोंडभरून हसले. "या मॅडम! मांजरसुंब्याच्या धाब्यावर उकडून घेतली. गरम हायेत अजून. घ्या की एक." आणि सोललेलं अंडं माझ्यापुढे धरलं.

"धाब्यावर उकडणाऱ्याची जात इचारली का, विठ्ठलराव?"

"आँ?"

"तुमच्या हातचं मला चालावं, अन् माझ्या हातचं तुमच्या पोरीला कावून चालत न्हाई?"

आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. विठ्ठलरावांचा आवाज एकदम खाली आला. "हळू बोला. मला काय न्हाई हो, मॅडम. पण भावकी हाय. पोरीचं लगीन व्हायचंय."

मला काय न्हाई! हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. शाळेत ऐकलं, पाण्यावर ऐकलं, घर भाड्याने मागताना ऐकलं. कुणाचंच काही नसतं, मग हे येतं कुठून?

विजयमालाने हातातलं अंडं ताटलीत ठेवलं. "मला न्हाई खायचं, पप्पा." डोळे डबडबलेले.

खोटं कशाला बोलू, क्षणभर मला बरं वाटलं. बापाची जिरली. मग तिच्या हातांकडे लक्ष गेलं. भुकेने बोटं थरथरत होती, आणि याच बोटांनी ती दोन तासांनी बार डोक्यावर धरणार होती. मी तिच्यावरच खेकसले.

"खा! उपाशी पोटी बार घेतीस अन् अंगावर पाडतीस का? माझं भांडण तुज्या बापाशी हाय, तुज्या हातापायाशी न्हाई. उचल ते अंडं!"

ती रडत रडत खायला लागली. विठ्ठलराव हातातलं अंडं तसंच धरून बसले होते.

"बघता काय? ते द्या तिला, अन् दुसरं सोला," मी म्हटलं. "एवढ्यानं काय होतंय तिचं?"

ते खाली मान घालून अंडी सोलत राहिले. मी त्यांच्या हातचं एकही घेतलं नाही, आणि माझी पोर पोटभर खाईपर्यंत तिथून हललेही नाही.