खजूर, बोट आणि शेखचा दिवा

दमिएटा शहरातल्या सुतारपेठेमागं मैदानात अशी रेटारेटी, की मुंगीला वाट मिळू नये. मधोमध शेख मुतवल्ली, डोक्यावर भर उन्हात पेटलेला पांढराफेक विजेचा दिवा.

"या, डॉक्टरांनी लुबाडलेल्यांनो! दिवा उशाशी ठेवा, रात्रभर जळू द्या. विझवला की बरकत गेली! रक्तातली साखर अंधारात वाढते, नूरात, या उजेडात, वितळते!"

प्रत्येक रोग्याला शेख स्वतःच्या हातानं पिकून पाक गळणारा खजूर द्यायचा. हातचा खजूर नाकारणं म्हणजे इथं देणाऱ्याच्या तोंडावर थुंकणं. खाऊन झाला, की तो धरलेल्याच बोटाला सुई. साखर मोजायच्या यंत्रावर आकडा चारशेवर! गर्दीच्या काळजाचं पाणी. मग सुरईतल्या पाण्यानं हात धुवायचे, दिवा ओवाळायचा, पुन्हा सुई. आकडा निम्म्यावर! "अल्लाहू अकबर!" लोक दिवा विकत घ्यायचे आणि आपल्या गोळ्या शेखच्या पोत्यात टाकायचे.

रांगेत शाळेत विज्ञान शिकवणारी इन्साफ आईचा दंड धरून उभी होती. तिचा भाऊ बक्री, नक्षीकाम करणारा सुतार, गेल्या वर्षी याच पोत्यात गोळ्या टाकून आला. दिव्यानं झोप उडाली, रात्री-अपरात्री खा-खा सुटली, पायाची जखम चिघळली. शेवटी पाय गुडघ्यातून कापला. आणि आज आईच्या पिशवीत तिच्या गोळ्या होत्या, पोत्यात टाकायला.

"आई, घरी चल."

"चूप! बक्रीची श्रद्धाच कच्ची. एकदा दिवा विझवला म्हणे त्यानं. शेखनीच सांगितलं."

इन्साफच्या डोक्यात तिडीक गेली. पाय कापला तो कापला, वर दोषही त्याच्याच माथी! ती गर्दी चिरत पुढं घुसली, टोपलीतला खजूर उचलून शेखपुढं धरला.

"शेख, माझ्या हातचा खा."

"अगं पोरी, मी निरोगी..."

"नाकारता? एवढ्या लोकांदेखत?"

झक मारत खाल्ला. इन्साफनं त्याचंच बोट धरून टोचलं आणि आकडा ओरडून वाचला, "चारशे तीस!"

"या सत्तार, अल्ला वाचव! शेख तर मेले!" कुणीतरी किंचाळलं.

"मरतील कसे? दिवा डोक्यावरच आहे की!" चहावाला हसला.

इन्साफनं दिव्याची तार उपटली. चहावाल्याच्या नळावर साबणानं शेखचे हात खसखसून धुतले, पुसले, पुन्हा टोचलं. पंच्याण्णव.

"दिवा विझलाय, तरी साखर उतरली! काल घरी माझ्या बोटावर करून पाहिलंय मी. बोटाला खजुराचा पाक असला, की यंत्र त्याचीच साखर मोजतं. आणि हा दिवा? रात्री अंधार झाला, की शरीराला विसाव्याची वेळ कळते. रोज डोळ्यांवर उजेड मारलात, तर झोप मोडते, भूक भलत्या वेळी लागते आणि रक्तातली साखर आवरेनाशी होते. रोग वाढवायचं यंत्र विकतोय हा!"

शेख सटकू लागला. सुतारांनी वाट अडवली. "पोलीस येईस्तोवर बस इथंच!"

आई पुढं आली. गोळ्यांची पिशवी छातीशी घट्ट धरलेली. "काय रे, माझ्या पोराची श्रद्धा कच्ची होती ना?"

आईनं पायातली चप्पल काढली. इन्साफनं अडवलं नाही.

बाबांनो, हात धुऊन साखर तपासा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी सोडू नका. आणि रात्री दिवा विझवून झोपा. बरकत जाईल म्हणून जो भीती घालेल, त्याला पुढच्या वेळी खजूर तुम्ही भरवा.