एक्केचाळिसावा स्लीपर

फळीवर रुळांखालच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे स्लीपर, ऐंशी होते, दोन रूळ होते, आणि शेजारच्या डबीत पितळी इंजिनाचे त्र्याहत्तर सुटे भाग. एकोणऐंशी स्लीपर रुळांना सोल्डर केलेले. एक्केचाळिसावा तेवढा पांढऱ्या दोऱ्यानं बांधलेला. अमृतानं ही मोजदाद वहीत उतरवली आणि पुढे लिहिलं, 'अपूर्ण.'

फळी तिच्या वडिलांची. पुंजाराम रेल्वेत चावीवाले होते. सकाळी सहाला हातोडा घेऊन निघायचं, रुळाला स्लीपरवर आवळून धरणारी एकेक लोखंडी चावी ठोकायची, आणि आवाजावरून घट्ट की ढिली ते ओळखायचं. लासूरकडची त्यांची जुनी मीटरगेज लाईन रुंदीकरणात गेली. निवृत्तीनंतर तिचाच एक तुकडा त्यांनी हातानं बांधायला घेतला, मूळ मापाच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शात. दोन रुळांत साडेअकरा मिलिमीटर.

मार्चमध्ये त्यांना पक्षाघात झाला आणि बोलणं बंद पडलं. डॉक्टर म्हणाले, आवडीच्या गोष्टी समोर ठेवा, माणूस त्यानंही परततो. फिजिक्समध्ये एमएस्सी केलेल्या अमृतानं ठरवलं, रूळ पुरा करायचा आणि आप्पांच्या डोळ्यांसमोर इंजिन पळवायचं.

आप्पांचा उजवा हात मात्र चालत होता. रोज सकाळी सहाला बोटं पलंगाच्या लोखंडी पट्टीवर ठोके द्यायची. चाळीस ठोके, मग तळहात नुसता टेकायचा, मग एकोणचाळीस. मधलं ते टेकणं तिनं अशक्तपणात धरलं.

इंजिन जोडून झालं त्या रविवारी तिनं दोरा कापला आणि एक्केचाळिसावा स्लीपर सोल्डर केला.

सोमवारी आप्पांचा हात चाळीसवर थांबला आणि श्वासही थांबला. चार सेकंद. मग श्वास आला, पण पुढचे ठोके आले नाहीत. फळीवर त्या जागी रुळांमधलं अंतर ११.९ भरलं. तिनं पुन्हा सोल्डर केलं. मंगळवारी नऊ सेकंद आणि १२.४. बुधवारी सतरा सेकंद, १३.१, इंजिन तिथंच रुळावरून उतरलं. तिनं दुसरं व्हर्नियर आणून पुन्हा मोजलं, फळीच्या खोलीला कुलूप लावलं, उन्हानं धातू किती प्रसरण पावेल याचं गणित केलं. गणितात उन्हाचा फरक केसाएवढाही निघेना. डॉक्टर येऊन तपासून गेले. त्यांना नवीन काही सापडलं नाही.

त्या दुपारी आई, मालनबाई, चहा द्यायला आली आणि फळीपाशीच थबकली.

"इथला दोरा कुठं गेला?"

"काढला. तेवढं आप्पांचं अर्धवट राहिलं होतं."

"अर्धवट नव्हतं गं. ती बन्सीकाकाची चावी हाय."

मग तिनं सांगितलं. बन्सी हा आप्पांचा जोडीदार. दोघं एकाच लाईनीवर चालायचे, एक या रुळाला, एक त्या. नाल्यापुढच्या एक्केचाळिसाव्या स्लीपरपाशी बन्सी गाडीखाली गेला. तेव्हापासून आप्पा चाळीस चाव्या ठोकायचे, एक्केचाळिसाव्यावर तळहात ठेवून बाजूला व्हायचे, आणि जराशानं पुन्हा हात लावून पाहायचे. ती चावी कधी ढिली निघाली नाही.

"मग ठोकायचं कोण?"

मालनबाईनं कप खाली ठेवला. "म्या कधी इचारलं नाय. ते म्हणायचे, बन्सीच्या कामात हात घातला की तो बिघडतो. लई चिडका माणूस होता."

अमृतानं सोल्डरिंग आयर्न तापायला लावलं. तापलेल्या टोकानं तिनं सगळं सोल्डर उतरवलं, जागा घासून स्वच्छ केली, आईच्या शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा घेऊन स्लीपर बांधला. दोन गाठी. अंतर मोजलं नाही. एक फोन रेकॉर्डिंगला लावून फळीशेजारी ठेवला, खोलीला कुलूप घातलं, किल्ली पदराला बांधायला आईकडे दिली.

गुरुवारी सहाला दोघी पलंगाशी बसल्या. आप्पांच्या बोटांनी सुरुवात केली. मालनबाई ओठांत मोजत होती. चाळीसनंतर तळहात पट्टीवर टेकला. अमृताची नजर त्यांच्या छातीवर होती. छाती हलत राहिली, आणि बोटं पुढे चालू लागली.

दुपारी कुलूप काढून दोघींनी फळी पलंगाशी आणली. इंजिन फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं, आणि आप्पांची नजर त्याच्यामागोमाग गेली. मग अमृतानं फोन ऐकला आणि वही उघडली.

श्वासातला खंड: शून्य सेकंद.
एक्केचाळिसाव्या स्लीपरवर अंतर: ११.५ मिलिमीटर.
पलंगावरचे ठोके: एकोणऐंशी.
बंद खोलीतल्या फोनवरचे ठोके: एक.