फितूर

"तुम्ही तोंड उघडायचं नाही. साहेबांनी काही विचारलं तर आधी माझ्याकडे बघायचं," काळा कोट अंगात चढवत व्यंकटराव वकील म्हणाले. "पुंजाराम आज साक्ष फिरवणार आहे. काकासाहेबांचा निरोप आलाय."

कडूबाने मान हलवली. काकासाहेब म्हणजे गावचे जाणते गृहस्थ, त्यांचा शब्द गावात कुणी मोडत नसे. पण पुंजारामने तो मानावा याचं कडूबाला बरं वाटलं की वाईट, हे त्याचं त्यालाच कळेना. कोर्टाच्या व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला पुंजाराम भिंतीला पाठ लावून उभा होता. डाव्या डोळ्याच्या जागी खोबणीत ओढली गेलेली कातडी होती. काळा चष्मा त्याने कधी लावलाच नाही.

दोघं फुलंब्रीकडचे, एका आळीतले. वाळूजला माळरानावर कारखाने उभे राहायला लागले तेव्हा एकाच एस.टी.ने आले आणि लग्न होईपर्यंत एका पत्र्याच्या खोलीत राहिले. पुढे पुंजारामच्या घरी चतुरा आली, कडूबाच्या घरी आशाबाई. पुंजाराम लेथवर टर्नर झाला. कडूबा ठेकेदाराच्या बसवर ड्रायव्हर, शिफ्टची माणसं ने-आण करायचा. कडूबाची सुरेखा लहान असताना तिला विंचू चावला. कडूबा ड्यूटीवर होता. पुंजारामने पोरीला पोटाशी बांधून सायकलवरून थेट शहरातल्या घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेलं होतं.

त्याच पुंजारामचा डोळा कडूबाने फोडला होता.

पोळ्याचा दुसरा दिवस, कर होती. सुट्टी, मटण, आणि रांजणगाव फाट्यावरचं देशी दारूचं दुकान. कडूबाला तिथवरचं आठवत होतं. दुकानातल्या बाकावर कुणीतरी मोठ्यानं हसलं, तेही आठवत होतं. त्यानंतर एकदम पोलीस ठाण्याची थंड फरशी आणि शर्टावर वाळलेलं रक्त. हे रक्त कुणाचं, असं त्याने हवालदाराला विचारलं.

मग फिर्याद वाचून दाखवली गेली. आरोपीने दारूच्या नशेत भर रस्त्यावर शिवीगाळ करून, सोड्याची बाटली फोडून फिर्यादीच्या तोंडावर मारली. कडूबाने ती दुसऱ्या कुणाची गोष्ट ऐकावी तशी ऐकली. जामीन झाल्यावर तो फाट्यावर गेला. पानवाल्याला विचारलं, दुकानदाराला विचारलं, बाकावर बसणाऱ्यांना विचारलं. मारलं कसं ते सगळ्यांनी सांगितलं. का मारलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. ठेकेदाराने त्याला गाडीवरून उतरवलं. तो शहागंजच्या बाजारात हातगाड्या ओढू लागला. दारू त्यानं परत घेतली नाही. त्यात निग्रहाचा भाग नव्हता. वास आला की त्याच्या तळहातांना घाम सुटायचा.

पुकारा झाला. पुंजाराम साक्षीदाराच्या पिंजऱ्यात चढला. शपथ घेतली.

"तुमच्या डोळ्याला इजा कशी झाली?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"पडलो, साहेब."

"कुठे पडलात?"

"फाट्यावर. पेलेलो व्हतो. बाटली फुटेल पडली व्हती, तिच्यावर पडलो."

सरकारी वकिलांनी चष्म्यावरून बघितलं. "पोलिसांना तर तुम्ही सांगितलं होतं की, कडूबाने मारलं."

"काय सांगितलं, मला आठवत नाय. शुद्धीत नव्हतो."

"हा समोर उभा असलेला इसम ओळखता?"

पुंजारामने मान वळवली. उजवा डोळा कडूबावर येऊन थांबला.

"व्हय," तो म्हणाला. "गावचाय."

साक्षीदार फितूर झाल्याचं सरकारी वकिलांनी न्यायाधीशांना सांगितलं आणि उलटतपासणीची परवानगी मागितली. खूप प्रश्न झाले. पुंजाराम प्रत्येकाला तेच उत्तर देत राहिला. टंकलेखन यंत्र खटखटत होतं आणि त्या आवाजाबरोबर कडूबाने केलेली गोष्ट एकेका ओळीने न घडलेली होत होती. त्याने कठड्याला धरलं.

बाहेर आल्यावर व्यंकटराव म्हणाले, "सुटलातच समजा. फाट्यावरचे तर आधीच फिरलेत, दुसरा साक्षीदार कोण उरलाय?"

कडूबा त्यांचं ऐकायला थांबला नाही. पुंजाराम फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर एकटाच उभा होता. कडूबा त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"लई उपकार झाले, पुंजा."

"तुह्यासाठी नाय केलं," पुंजाराम म्हणाला. आवाजात राग नव्हता. "सुरेखीचं जमायचंय. बाप जेलात म्हणल्यावर कोण दारात येतं?"

चहावाल्याने दोन कप पुढे केले. पुंजारामने एकच उचलला.

"एक इचारू?" कडूबा म्हणाला. "म्या तुला कामून मारलं? आपलं काय वाजलं व्हतं? आईची आण, मला काय बी आठंना."

पुंजारामने चहा संपवला. एका डोळ्याने अंदाज चुकला, कप टेकवायला गेला तिथं फळी नव्हती, हात हवेत जरासा अडला, मग त्याने बोटांनी कड चाचपून तो नीट ठेवला.

"काय बी वाजलं नव्हतं. तू रस्त्याच्या मधी बसला व्हता. ट्रका येत व्हत्या. मी म्हणलो, ऊठ, घरी चल, वहिनी वाट बघती. तुहा हात धरला."

"मंग?"

"मंग काय. एवढंच."

कडूबाला वाटलं, अजून काही असेल. शिवी दिली असेल, जुनं काही काढलं असेल. तो वाट बघत राहिला.

"आता येणंजाणं ठेवू नको," पुंजाराम म्हणाला. "चतुरा म्हणती म्हणून नाय. मलाच नको." आणि तो निघून गेला.

उस्मानपुऱ्यातल्या भाड्याच्या खोलीत आशाबाई ज्वारी निवडत बसली होती. कडूबा दाराशी बसला आणि कोर्टात झालं ते सांगितलं. मग टपरीवरचं सांगितलं. आशाबाईचे हात थांबले नाहीत.

"मला ठाऊक व्हतं," ती म्हणाली.

"कवापासून?"

"घाटीत गेले व्हते ना डबा घेऊन, तवाच. चतुराबाईनं डबा घेतला नाय, पर हे सांगितलं."

"आन् मला एका शब्दानं बोलली नाय?"

आशाबाईने खडा वेचून बाजूला टाकला. "सगळ्या फाट्याला इचारीत फिरलात. मला इचारलं का? मला इचारलं ते, जामीन कवा व्हईल."

कडूबा उठून बाहेर गेला. नळाखाली डोकं धरून तो किती तरी वेळ उभा राहिला. मागून शेजारच्या दगडाबाई पाण्याला आल्या आणि घागर घेऊन तशाच खोळंबल्या, तरी त्याला कळलं नाही.

पुढच्या महिन्यात निकाल लागला. पुराव्याअभावी निर्दोष. काकासाहेबांनी गावात पेढे वाटले. सुरेखाचं दिवाळीनंतर जमलं. लग्नाची पत्रिका घेऊन आशाबाई एकटीच पुंजारामच्या घरी जाऊन आली. लग्नात अक्षता टाकायला चतुराबाई आली, पुंजाराम आला नाही. ठेकेदाराने कडूबाला परत गाडी दिली. रस्ता मात्र बदलून मिळाला. सकाळची पहिली पाळी, वाळूजच्या आतल्या भागातली.

पहिल्या दिवशी तो सगळ्या थांब्यांवर नुसतं समोर बघत गाडी उभी करत होता. गाडी जवळपास भरली होती. शेवटच्या थांब्यावर सात-आठ माणसं उभी होती, त्यांत पुंजाराम होता. लेथवरून काढून त्याला कंपनीने गेटवर वॉचमन केलं होतं, ते कडूबाने ऐकलं होतं. तो या थांब्यावरून चढतो, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

बाकीचे चढले. पुंजाराम सगळ्यात शेवटी आला. ड्रायव्हर कोण आहे ते त्याने बघितलं. जरा थांबला. दुसरी गाडी नव्हती आणि पाळीची वेळ होत आली होती. त्याने पाय उचलला, तो पायरीच्या अलीकडे जमिनीवरच टेकला. दुसऱ्यांदा उचलला, पायरी चाचपली, मग दांडी धरून वर आला. कडूबा अर्धवट उठला होता, तो तसाच खाली बसला.

कुणी तरी नमस्कार केला, कुणी जागा देऊ केली. पुंजाराम नको म्हणाला आणि बाकांना धरत धरत पार मागे गेला.

"चला की, उस्ताद," मागून एक जण म्हणाला. "भोंगा व्हईल."

कडूबाने आरशात बघितलं. पुंजारामला खिडकीजवळची जागा सापडली. त्याने आधी हाताने बाक चाचपलं, डबा मांडीवर घेतला, मग बसला. तो नीट बसेपर्यंत कडूबाने क्लचवरचा पाय सोडला नाही.